ऑईल स्टेनमध्ये हवा तो रंग घरी कसा जमवायचा

आमच्या बंगईनं, म्हणजे झोपाळ्यानं, मला हे शिकवलं. औसा तालुक्यात आमचं माळवदाचं घर होतं, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्याच्या भिंती खिळखिळ्या झाल्या, मग आजोबांनी ते उतरवून तुळया लातूरला आणून ठेवल्या, आन त्यातल्या एका सागवानी तुळईच्या फळ्या काढून वडिलांनी बंगई करून घेतली. मागच्या वर्षी त्या बंगईची एक कड चिरली. सुतारानं चिरलेला भाग काढून किनवटकडच्या सागाची चार इंची पट्टी जोडली, जोड असा बसवला की नख फिरवलं तरी लागत नाही, पण रंगाचं काय? जुनी फळी काळपट चॉकलेटी आन नवी पट्टी पिवळी धमक. आई म्हणली, जुन्या इरकलीला नायलॉनचा काठ लावल्यासारखं दिसायलंय.

मग काय, गंजगोलाईच्या बाजारात जाऊन वुड स्टेनच्या, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाच्या, तीन छोट्या डब्या आणल्या, वॉलनट, टीक आन रोजवुड. वॉलनट लावला तर पट्टी काळी ठिक्कर, टीक लावला तर आणखीनच पिवळी, रोजवुड तर लालभडक. तिन्ही एकत्र करून बघितले, चिखल झाला. तेव्हा डोक्यात शिरलं की डबीतला रंग आन लाकडावरचा रंग एक नसतो, लाकडाचा स्वतःचा रंग अधिक स्टेन अधिक वरचं पॉलिश अशी ती बेरीज असते, आन आपल्याला फक्त त्या बेरजेत जे कमी पडतंय तेवढंच घालायचं असतं. हे "कमी काय पडतंय" ओळखायला शिकलं की अर्धं काम झालं, बाकी मोजमाप आन सबुरी.

आधी डबी खरंच ऑईलवाली आहे का बघा

हे लई जण बघत नाहीत. दुकानात नुस्तं "वुड स्टेन द्या" म्हणलं की कुठलीही डबी हातात पडते. आपल्याकडं पॉलिशवाले जे स्टेन वापरतात त्यातले बरेच थिनरमध्ये चालणारे असतात, मेलामाइन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिशच्या खाली लावायचे, ते ऑईल स्टेन नव्हेत. डबीवर "पातळ करायला काय वापरा" ते वाचा. टर्पेंटाइन किंवा एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑईल) लिहिलं असेल तर ऑईलचा, थिनर लिहिलं असेल तर दुसरी जात, पाणी लिहिलं असेल तर तिसरी. जाती एकमेकांत कालवू नका.

शंका असेल तर काचेच्या बारक्या बाटलीत एक चमचा स्टेन आन दोन चमचे टर्पेंटाइन हलवून रात्रभर ठेवायचं. सकाळी दूध नासल्यासारखं फाटलं किंवा तेल वेगळं पाणी वेगळं असं दिसलं तर त्याच्यात आपले ऑईलचे रंग जमणार नाहीत. खाली थोडा रंग बसला असेल तर घाबरू नका, पिगमेंट, म्हणजे रंगाची न विरघळणारी पूड, बसतंच, ढवळलं की परत मिसळतं.

रंग कुठून आणायचा

तीन रस्ते आहेत. पहिला, रंगाच्या दुकानातला युनिव्हर्सल स्टेनर. स्वस्त, कुठंही मिळतो, तेलात पण चालतो आन पाण्यात पण. पण दोन्हीकडं चालावा म्हणून त्याच्यात जे द्रव्य असतं ते स्वतः वाळत नाही, म्हणून जास्त घातला की स्टेन चिकट राहतो, चार-चार दिवस वाळत नाही. डबीवर जेवढी मर्यादा दिली असेल त्याच्या पुढं जायचं नाही. रंगाचा थोडासा झोक (लालीकडं, पिवळ्याकडं) बदलायला ठीक, अख्खा रंग त्याच्यावर उभा करू नका.

दुसरा रस्ता कोरड्या पावडरीचा. गेरू, पेवडी, काजळी, जुने पॉलिशवाले हेच वापरायचे आन अजून पण वापरतात. सगळ्यात स्वस्त, उन्हात उडत नाही, पण कण बारीक नसले तर लाकडावर धूळ बसल्यासारखं दिसतं. फरशीच्या तुकड्यावर पावडर घ्या, थेंब-थेंब तेल घाला आन लोखंडी पट्टीनं इतकं घोटा की बोटांत चोळल्यावर कचकच लागली नाही पाहिजे. हात दुखतो.

तिसरा, म्हणजे माझा, चित्रकलेच्या ऑईल कलरच्या ट्यूब. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, २० मिलीची ट्यूब बक्कळ होते. त्याच्यात रंग आधीच जवसाच्या नाहीतर तसल्याच वाळणाऱ्या तेलात घोटलेला असतो, म्हणजे आपल्या ऑईल स्टेनचाच सख्खा भाऊ. घेताना "ऑईल" लिहिलेलं बघून घ्या, शेजारीच अक्रिलिकच्या तसल्याच ट्यूब असतात आन ते पाण्याचं काम आहे. माझा पुतण्या एकदा पोस्टर कलर घेऊन आला होता, तो अजून कपाटात पडून आहे.

कुठला रंग काय करतो

इथं जरा वेळ काढा, सगळा खेळ इथंच आहे. दहा ट्यूब लागत नाहीत, सहा बस्स.

बर्न्ट अंबर हा पाया. गडद, उबदार चॉकलेटी. जुन्या सागवानाच्या जवळपास जायला निम्म्याहून जास्त हाच लागतो. रॉ अंबर त्याचाच न भाजलेला भाऊ, पण स्वभाव उलटा, जरा हिरवट आन थंड, लाली मारायला उपयोगी. अंबर मातीत लोहाच्या जोडीला मँगनीज असतं, म्हणून ती गडद असते आन तेल वाळायला पण मदत करते. बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस नारिंगी, विटेच्या रंगाच्या जवळचा. ह्याच्या थेंबानं लाकडात जीव येतो आन चार थेंबांनी लाकूड लाल होतं. यलो ऑकर म्हणजे आपली पेवडी, नवं लाकूड पांढरट असेल तर लागते, सागवानाला कमीच.

ह्या सगळ्या माती आहेत बगा. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी उडतं आन ती लाल होते, वीटभट्टीवर रोज हेच होतं, आन "बर्न्ट" शब्दाचा अर्थ पण तेवढाच. लोहाच्या मातीचे रंग उन्हानं उडत नाहीत, त्यामुळं पश्चिमेच्या दाराला हेच वापरा. नुस्ता डाय, म्हणजे विरघळणारा रंग, घातलेल्या स्टेनचा रंग सुरुवातीला लई देखणा दिसतो, पण आपल्याकडच्या उन्हात त्याचं काही खरं नसतं.

पाचवा विरिडियन, म्हणजे गर्द हिरवा. लाकडाच्या कामात हिरवा कशाला, असं मला पण वाटलं होतं. तर हिरवा लालीला मारतो. निळा नारिंगीला मारतो आन जांभळा पिवळ्याला. लाकूड मुळातच नारिंगी-पिवळं असतं, त्यामुळं "लई लाल झालं", "लई केशरी झालं" ह्याच तक्रारी जास्त येतात, आन त्यावर काळा घालून उपयोग नसतो, काळ्यानं लाली जात नाही, नुस्ती अंधारात बसते. लालीला हिरव्यानंच मारावं लागतं, तेही सुईच्या टोकाएवढ्या.

सहावा लॅम्प ब्लॅक, काजळी. माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, चाळीस वर्षं पॉलिशचं काम केलेले, ते म्हणतात, "काला आखरी में डालने का बेटा, और डाला तो समझ के डालने का." कारण बाकी कुठला रंग जास्त झाला तर दुसऱ्यानं सांभाळून घेता येतो, काळा जास्त झाला की अख्खा घाणा दुप्पट-तिप्पट वाढवल्याशिवाय सुटका नाही. आमटीत तिखट जास्त पडल्यासारखं.

सामान

सोन्याचं वजन करतात तसला छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज, सुई काढून. झाकणाच्या काचेच्या बाटल्या, स्टीलच्या जुन्या वाट्या (स्वयंपाकघरात परत न जाणाऱ्या), जुन्या धोतराचं सुती फडकं, हातमोजे, वही-पेन्सिल. थेंब मोजून काम करू नका, दाट रंगाचा थेंब कधी मूग तर कधी हरभऱ्याएवढा पडतो.

बेस

बाजारात रंग नसलेला क्लिअर ऑईल स्टेन बेस मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर घरी करा: ३५ मिली डबल बॉइल्ड जवस तेल आन ६५ मिली टर्पेंटाइन, झाला १०० मिली बेस. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मागितलं तरी जुना दुकानदार बरोबर तेच काढून देतो. चटणीवर घेतो ते घाण्याचं जवसाचं तेल इथं नको, ते कच्चं असतं, वाळायला आठवडे लावतं. तेल वाढवलं की रंग घट्ट धरतो पण वाळायला उशीर, टर्पेंटाइन वाढवलं की लवकर वाळतो पण रंगाला धरून ठेवायला तेल कमी पडतं आन वाळल्यावर हाताला भुकटी लागते. पावडरवाल्यांचं हे हमखास होतं, तेव्हा त्यांनी तेल जरा जास्तच घ्यावं.

नमुना पट्टी

ज्या लाकडाला लावायचं त्याच लाकडाचा तुकडा. सुताराला आधीच सांगून ठेवा की छाटन फेकू नको. प्लायच्या तुकड्यावर रंग जमवून सागवानाला लावला तर दोन्ही वेगळे दिसतात, आंबा आन पाइन तर डाग-डाग पितात, बाभळीचं अजूनच निराळं.

आन पॉलिश पेपर सारखाच पाहिजे. खऱ्या कामाला १८० चा मारणार असाल तर नमुन्याला पण १८० च. ३२० चा मारून गुळगुळीत केलेलं लाकूड रंग कमी पितं आन फिकं दिसतं. ह्याच कारणानं फळीचं टोक, म्हणजे जिथं लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, ते फळीपेक्षा काळं होतं, तिथं मुद्दाम एक-दोन नंबर बारीक पेपर जास्त मारायचा. सागवान तेलकट असतं, स्टेन लावायच्या आधी थिनरच्या फडक्यानं एकदा पुसून घ्या आन वाळू द्या.

आता ज्याच्याशी जुळवायचं ते जुनं लाकूड. त्याच्यावर वर्षानुवर्षांचा हाताचा तेलकटपणा, धूर, धूळ असते, तो मळ म्हणजे रंग नव्हे. टर्पेंटाइनच्या ओल्या फडक्यानं पुसा आन ओलं असतानाच बघा, पॉलिशखाली ते साधारण तसं दिसणार असतं. आमची बंगई पुसल्यावर काळपटपणा निम्म्यानं गेला आन खाली छान तपकिरी निघालं, म्हणजे आधीचे पंधरा दिवस मी मळाशी रंग जुळवत होतो. जुन्या लाकडावर पूर्वीचा ऑईल पेंट असेल तर कोरडं घासू नका, जुन्या पेंटात शिसं असू शकतं, ओलं करून घासा आन तोंडाला मास्क लावा.

कालवणं

पिठलं करताना बेसन एकदम आधणात टाकत नाही तसंच हे. वाटीत ट्यूबमधला रंग मोजून घ्या, त्याच्यात चमचाभर बेस घालून गुठळी मोडेपर्यंत घोटा, मग थोडा-थोडा बेस वाढवत जा. एकदम १०० मिलीत पिळला तर तळाशी गोळी बसते आन ती बरोबर शेवटच्या हातात वर येते.

काळा आन हिरवा थेट घालू नका. १ ग्रॅम ट्यूबचा रंग ९ ग्रॅम बेसमध्ये आधी कालवून वेगळ्या बाटलीत ठेवा. ०.२ ग्रॅम काळा मोजताना काटा ०.१ नं चुकला तर निम्म्यानं चुकला, पण पातळ केलेला २ ग्रॅम मोजताना तेवढीच चूक झाली तर कळत पण नाही. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आमच्या बंगईचं गणित असं झालं. १०० मिली बेसला बर्न्ट अंबर ६ ग्रॅम, बर्न्ट सिएना २, यलो ऑकर १. पट्टीवर लावला, दहा मिनिटांनी पुसला. जुन्यापेक्षा फिका आन तांबडा. आता इथं हात काळ्याकडं जातो, नेऊ नका. आधी झोक बघा, मग गडदपणा. तांबडा आहे म्हणून रॉ अंबर २ ग्रॅम घातला, लाली कमी झाली पण उन्हात धरलं की आतून डोकावायलीच. मग पातळ केलेला हिरवा १ ग्रॅम, परत पट्टी, परत १ ग्रॅम. दुसऱ्या वेळेला लाली एकदम बसली, जसा दिवा मालवावा. आता झोक जुळला, फक्त फिका होता, म्हणून पातळ काळा १-१ ग्रॅम करत ३ ग्रॅम. झालं. एकूण अकरा पट्ट्या लागल्या, दोन रविवार गेले.

हे आकडे तुमच्या लाकडाला जसेच्या तसे लागणार नाहीत, सुरुवात म्हणून घ्या. दर वेळी एकच रंग घाला, वहीत लिहा, पट्टीच्या मागं तोच नंबर टाका. दोन रंग एकदम घातले आन बिघडलं तर कुणी बिघडवलं ते कळत नाही.

बघायचं कसं

ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका आन मेल्यासारखा, आन वरून पॉलिश मारलं की परत ओल्यासारखा उठतो. म्हणून निकाल कोरड्या पट्टीवर लावू नका. पट्टी वाळू द्या, अर्ध्या भागावर जे शेवटचं पॉलिश मारणार तेच मारा आन मग जुन्या लाकडाशेजारी ठेवा. ऑईलचं वार्निश स्वतःच पिवळसर असतं, फिक्या रंगाला केशरी करतं, ते आधीच धरून चाला.

उजेड पण बदलून बघा. ट्यूबलाइटखाली दोन रंग एक दिसतात आन दारात नेले की वेगळे, असं होतं, त्यात तुमच्या डोळ्याचा दोष नाही, रंगाची घडण वेगळी असली की तसं होतंच. बंगई ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, लटकणार असेल तर ढाळजेतल्याच उजेडात, सकाळी दहाला एकदा आन दिवा लावल्यावर एकदा बघा.

मोठा घाणा

पुसून लावायचा ऑईल स्टेन एका लिटरात, एका हाताला, साधारण सव्वाशे ते दीडशे चौरस फूट जातो. पट्टीपुरते ५० मिली बास होते पण घरचे देवघराचं दार पण तसंच पाहिजे म्हणून धरून बसले, तर ६०० मिली काढला. सगळे आकडे सहापट, पण काळा आन हिरवा हिशोबाच्या ९० टक्केच घालायचा, पट्टी बघायची, मग उरलेला. लागतो त्यापेक्षा पावपट जास्तच करा, शेवटचा अर्धा फूट उरला आन स्टेन संपला तर परत तोच रंग जमवणं म्हणजे डोक्याला ताप. सगळं झाल्यावर फडक्यातून गाळून घ्या. लावताना तळापासून ढवळत राहा.

लावणं

फडक्यानं रेघांच्या दिशेनं लावा, पाच ते पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्यानं सगळा जादाचा पुसून काढा. जादाचा राहिला की तो लाकडावर चिकट साय धरतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास गेलेला असतो, दुपारी लावायला घेतलात तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळतं आन जोडाचा पट्टा उमटतो, तो निघत नाही. सकाळी आठच्या आत आवरा, नाहीतर एका वेळी एकच फळी. पावसाळ्यात उलटं, वाळतच नाही. उन्हाळ्यात २४ तास, पावसाळ्यात तीन दिवस तरी थांबा, आन नाक लावून बघा, टर्पेंटाइनचा वास येत असेल तर अजून वाळलं नाही. वर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) मारणार असाल तर जास्तच थांबा, त्याचा थिनर कच्च्या तेलाला उचलतो आन सुरकुत्या पडतात.

गडद झाला तर ओला असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा, बराचसा निघतो. फिका झाला तर वाळल्यावर दुसरा हात, पण दुसऱ्या हातानं थोडाच फरक पडतो, दुप्पट गडद होत नाही.

चिंध्या

हे वाचल्याशिवाय कामाला लागू नका. जवस तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आन वाळताना तापतं. फळीवर ती उष्णता उडून जाते, पण फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की आतली उष्णता आतच साठते आन काडी न लावता बोळा पेटतो. खरंच पेटतो, आन आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. मोठा माणूस दुपारी झोपलेला, फडकी पत्र्याच्या शेडमधल्या भुश्यावर, एवढं पुरतं. काम झालं की लगेच फडकी एक-एक सुटी दोरीवर, भिंतीपासून लांब, सावलीत वाळत घाला, कडक झाली की मग टाका. नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. आमच्या घरी हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही.

उरलेला स्टेन लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, बाटलीत हवा राहिली की वर साय धरते. बाटलीवर तारीख, लाकूड आन पूर्ण मोजमाप लिहा, नुस्तं "बंगई कलर" लिहू नका. कागद भिजतो, वही हरवते, म्हणून मी ते आकडे बंगईच्या फळीला खालच्या बाजूनं पेन्सिलीनं लिहून वर वार्निशचा एक हात मारून टाकलाय.